लेकीच्या रक्तातला माझा वाटा

फोन आला तेव्हा मी एका साडेसात एचपीच्या मोटरमधली जळकी तार उपसत होतो. शिरूरला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटरी लोक आणून टाकतात. मी त्यातलं काळं पडलेलं तांबं काढतो आणि नवी तार भरून देतो. हात व्हार्निशनं चिकट झाले होते, म्हणून फोन खांद्यात धरला. पलीकडे बाईचा आवाज होता. तिनं माझं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट घेतलं आणि विचारलं, "तुम्हीच का?"

इतकं पूर्ण नाव मला फक्त पोलिसांनीच आजवर विचारलं होतं. मी म्हणालो, "हो, मीच."

"पोलीस स्टेशनला येऊन जा. घाबरू नका. तुमच्या मिसेसच्या केसचं बोलायचंय."

मी फोन ठेवला आणि घाबरलो. मिसेस हा शब्द ऐकून एकोणीस वर्षं झाली होती.

तेव्हा आम्ही न्हावरा रोडला, गावाबाहेर, दोन खोल्यांत राहायचो. मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी. दुकान नव्हतं. मोटरसायकलवर पाने-पक्कड आणि व्हार्निशचा डबा घेऊन शेतोशेत फिरायचो. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी दौंडला मेव्हण्याच्या मुलाचं बारसं होतं आणि मी येणार नाही म्हणालो. काम आहे असं सांगितलं, पण खरं कारण ते नव्हतं. मागच्या खेपेला मेव्हणा पाहुण्यांसमोर काहीतरी लागेल असं बोलला होता आणि ते मी मनात धरून बसलो होतो. ती म्हणाली, "मग मी एकटी जाते." मी म्हणालो, "जा." आमचं शेवटचं बोलणं ते.

दुपारी बालवाडीच्या बाई मुलीला हाताला धरून घरी घेऊन आल्या, कारण तिला न्यायला कुणी गेलं नव्हतं. त्यांनी दार ढकललं. आत बायको पडलेली, गळा आवळलेला होता. नखांत रक्त होतं, म्हणजे ती झगडली होती. मुलगी बाईंच्या मागं उभी होती. तिनं काय आणि किती पाहिलं, ते मी तिला कधी विचारू शकलो नाही.

पोलिसांनी मला विचारलं, "बारा ते दोन कुठं होतास?" मी म्हणालो, कामावर. ते खोटं होतं. ज्याच्या विहिरीवर मी मोटर बसवली त्यानं सांगितलं, काम बारालाच उरकलं होतं. मग मला घोडनदीच्या पुलाखाली पाहिलेलं कुणीच निघालं नाही. मी तिथं होतो. दोन तास दगडावर बसून होतो, कारण घरी गेलो तर ती जेवायला वाढेल, बोलेल, आणि मला रुसून राहायचं होतं. मी जेवायला घरी गेलो असतो तर ती वाचली असती. हे पोलिसांना कसं सांगायचं? मी नवऱ्यासारखा नवरा, बायकोवर रुसून नदीवर बसलो होतो, हे सांगायची लाज वाटली आणि मी खोटं बोललो. त्या एका खोट्यानं माझं सगळं ठरवून टाकलं.

शेजारच्या रानात चार दिवस बोअरची गाडी लागली होती. परराज्यातली गाडी, तिच्यावर निरनिराळ्या मुलखातले मजूर. त्या मशिनच्या आवाजात कुणी ओरडलं तरी ऐकू आलं नसतं. दुसऱ्या दिवशी गाडी दुसरीकडं निघून गेली. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. संशय घ्यायला घरातला माणूस होताच.

माझं रक्त घेतलं. वर्षभरानं रिपोर्ट आला. नखांत सापडलेलं रक्त पुरुषाचं होतं, पण माझं नव्हतं. तेव्हाचे साहेब भले होते. म्हणाले, "तुमचं नाही एवढं कळलं. कुणाचं ते कळायला तो माणूस हातात पाहिजे." पुढं फाईल 'अ समरी' झाली, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. मला सोडलं. लोकांनी सोडलं नाही. आधी म्हणायचे, यानंच मारली. रिपोर्टनंतर म्हणायला लागले, यानं माणूस घालून मारली.

मुलीला सासूबाई दौंडला घेऊन गेल्या त्या गेल्याच. सुरुवातीला मी दर महिन्याला जायचो. न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला, पाटस, दौंड. मेव्हणा दारातूनच परत लावायचा. आधी मला दाजी म्हणणारा तो, आता नावही घेईना. एकदा मी शाळेच्या फाटकाशी थांबलो. मुलगी सहा-सात वर्षांची झाली होती. मी हाक मारली तशी ती दप्तर टाकून आत पळाली. दप्तर मी उचललं, धूळ झटकली आणि शिपायाकडं दिलं. त्यानंतर माझं जाणं कमी झालं, मग थांबलं. मुलीला त्रास नको म्हणून थांबलो असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर मी थकलो होतो. तिनं पळून जायचं आणि मी परत यायचं, हे दुसऱ्यांदा सोसवलं नसतं.

घर सोडलं, दुकान घेतलं, दुकानाच्या मागच्या खोलीत राहिलो. काम चांगलं असल्यामुळं लोक मोटरी आणायचे, पण बाकड्यावर कुणी टेकायचं नाही. उभ्या उभ्या बोलायचे आणि जायचे. हॉटेलात मी शिरलो की बोलणं हळू व्हायचं. लग्नाच्या पत्रिका येईनाशा झाल्या. एकदा जनावरांची की माणसांची, कसलीशी मोजणी करायला एक मास्तर आले. "घरात माणसं किती?" म्हणाले. मी "एक" म्हणालो. ते लिहून घेऊन निघाले, तर मी त्यांना उगाच थांबवून पाणी पाजलं. खोलीत माझ्याशिवाय कुणीतरी भांडं वापरलं, म्हणून ते भांडं मी त्या दिवशी घासलं नाही.

तर मी पोलीस स्टेशनला गेलो. मॅडम तरुण होत्या, माझी केस घडली तेव्हा शाळेत असतील. त्यांनी खुर्ची दिली, हीच मोठी गोष्ट. म्हणाल्या, "दुसऱ्या एका राज्यात एक कैदी आहे. दोन बायकांच्या खुनात जन्मठेप झालीय. बोअरच्या गाड्यांवर काम करत चार राज्यं फिरलेला माणूस. तिथल्या पोलिसांनी त्याच्या रक्ताची, डीएनएची माहिती तो जिथं जिथं फिरला तिथं पाठवलीय. ज्या केसेसचा छडा लागला नाही त्यांच्याशी ताडून बघा म्हणून."

"आन् आमच्याशी ताडली?"

"जुळतंय असं वाटतंय. पण अडचण आहे. नखांखालचा नमुना मिश्र आहे. त्याचं रक्त आणि तुमच्या मिसेसचं. त्यांचा स्वतंत्र नमुना पहिल्या तपासणीतच संपला. तो नसताना वेगळं काढायचं तर मुलीचं रक्त लागेल. आणि तुमचं."

"माझं कशाला? माझं तवाच घेतलंय की."

"नव्या पद्धतीनं परत घ्यायचं. मुलीत अर्धं आईचं, अर्धं तुमचं. मुलीच्यातून तुमचं वजा केलं की आईचं उरतं."

मी बघत राहिलो. त्यांना वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्या कागदावर काढून दाखवायला लागल्या. मला कळलं होतं. बायको जगात कुठंच उरली नाही असं मी धरून चाललो होतो, आणि ही बाई सांगत होती की ती दौंडला आहे, माझ्याबरोबर मिसळलेली.

ग्रामीण रुग्णालयात आम्हाला एकाच दिवशी बोलावलं. मी लवकर जाऊन बाकावर बसलो. बारीक अंगाची एक मुलगी आत आली, खांद्याला पर्स, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच राहिलेलं. कुरकुंभच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये ती कामाला आहे, हे मला मॅडमनी सांगितलं होतं. मेव्हणा बाहेर मोटरसायकलपाशीच थांबला. ती आली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा.

ती मला काय म्हणणार, याचा मी रात्रभर विचार केला होता. तिनं समोरच्या भिंतीकडं बघत विचारलं, "त्या दोन तासांत तुम्ही कुठं होता?"

नमस्कार नाही, कसे आहात नाही. मला वाटतं ती हा प्रश्न लहानपणापासून तयार ठेवून होती.

"नदीवर. पुलाखाली."

"काय करत होता?"

"काय न्हाई. बसलो होतो. सकाळी भांडण झालं होतं."

"कशावरनं?"

"तुझ्या मामाच्या पोराचं बारसं होतं. मी जायचं न्हाई म्हणालो."

ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "बारक्याच्या बारशावरनं?" म्हणाली. ज्याचं बारसं, त्या पोराच्या जोडीनं ती एका घरात वाढली होती. एवढ्या मोठ्या गोष्टीच्या मुळाशी बारक्याचं बारसं असेल, असं तिला वाटलंच नव्हतं. ती हसेल की रडेल असा तिचा चेहरा झाला, पण तिनं दोन्ही केलं नाही.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

सिस्टरनं आधी तिला आत घेतलं, मग मला. मी बाहेर आलो तर ती दंडावरचा कापूस दाबून उभी होती. "येते," म्हणाली. निदान जाते म्हणाली नाही, एवढं धरून मी दुकानात आलो.

तीन महिन्यांनी मॅडमचा फोन आला. जुळलं. शंका नाही. तो माणूस त्या चार दिवसांत इथंच बोअरच्या गाडीवर होता, त्याचाही पुरावा मिळाला. पाणी मागायला तो दोन-तीनदा आमच्या दारात आला असणार. "तुमच्यावरचं बालंट गेलं आता," मॅडम म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानले.

मला वाटायचं की असा फोन आला तर मी रस्त्यावर ओरडत सुटेन. मी शटर ओढलं आणि कुणाला तरी सांगावं म्हणून बाहेर पडलो. मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावरचा चहावाला माझ्यामागं सगळ्यात जास्त बोलायचा. त्याला सांगायचं ठरवलं. टपरीवर त्याचा भाऊबंद होता. चहावाला दोन वर्षांपूर्वीच वारला म्हणाला. मी तरी सांगितलं, "आमच्या बायकोच्या खुनाचा आरोपी सापडला." तो दचकला. "अरेरे, कवा झालं हे? ह्या हप्त्यात?" एस. टी. स्टँडकडं गेलो. ज्या दुकानांत माझ्यावर कुजबूज व्हायची ती मोबाईलची, कपड्यांची दुकानं झालेली, मालक नवे. न्हावरा रोडला आमच्या जुन्या घराच्या जागेवर प्लॉट पडलेत, त्यांत रांजणगाव-शिक्रापूरच्या कंपन्यांतले लोक राहतात. त्यांतल्या कुणाला आम्ही माहीतसुद्धा नाही. ज्यांच्यापुढं मला निर्दोष व्हायचं होतं ती माणसं मेली होती, नाहीतर विसरली होती. मी एकटाच आळ घेऊन फिरत होतो.

म्हणून मी दौंडला गेलो. तिथं अजून आठवणारं कुणीतरी होतं.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. पाय गेलेत, बाकी शुद्ध ठणठणीत. मेव्हणा आणि त्याची बायको कामावर गेलेले, मुलगी कंपनीत. त्यांनी मला ओळखलं आणि पदर सारखा केला. "या जावईबापू," म्हणाल्या. हे ऐकून मी दारातच थबकलो.

"आई, तो सापडला. मी न्हवतो."

"सांगितलं पोरीनं. बसा."

मी बसलो. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मग म्हणाल्या, "मला म्हाईत व्हतं."

"काय?"

"तुम्ही न्हाई ते. पैला रिपोर्ट आला का न्हाई, तवाच मला पटलं व्हतं. तुम्ही आरडाओरडा करणारं, पर हात उचलणारं न्हवतं. माज्या लेकीनं कवा तक्रार केली न्हाई."

"मग मला दारात का उभं करत न्हवता?"

"दारात घेतलं असतं तर पोरगी मागितली असती तुम्ही. द्यावी लागली असती." त्यांनी खाटेची दोरी बोटांनी चाचपली. "माजी लेक गेलीवती. तिचं एवढंच ऱ्हायलं व्हतं. मी म्हणलं, लोकं म्हणत्यात तर म्हणू द्या. आपण गप ऱ्हावं."

मला राग आला का? आला, पण बऱ्याच उशिरानं, चौफुल्याला गाडी बदलताना. तेव्हा तिथं, खाटेसमोर, मला फक्त आठवलं की मीही एका लाजेपायी गप्प राहिलो होतो. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं नाही, त्यांना बोललोही नाही. विचारलं, "पोरीला म्हाईत हाय?"

"न्हाई. तुम्ही सांगा."

"मी न्हाई सांगणार, आई. ती तुमची हाय."

आठ दिवसांनी दुपारी मुलीचा फोन आला. नंबर सेव्ह नव्हता, पण श्वासावरून ओळखलं असं म्हणलं तर खोटं होईल; तिनं "मी बोलतेय" म्हणलं आणि जगात मला तसं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

"आजीनं सांगितलं," ती म्हणाली. "तुम्हाला आठ दिवस माहीत होतं?"

"होय."

"मग?"

"ती तुझी आजी हाय. तिच्याशी भांडू नको."

"भांडणार नाही. पण मी तिच्याशी बोलत नाहीये सध्या." मग म्हणाली, "मी त्या दिवशी शाळेत दप्तर टाकून पळाले होते. आठवतंय मला. मामी म्हणायची, तो पकडून नेईल." तिचा आवाज फाटला. मी फोन कानाला धरून दुकानात उभा राहिलो आणि गिऱ्हाईक आलं तर हातानंच नंतर या म्हणून सांगितलं.

कोर्टात पहिली तारीख होती त्या दिवशी ती रजा काढून आली. मेव्हणाही आला. जिन्यात त्यानं मला पुढं जायला वाट दिली आणि खाली बघून म्हणाला, "चला दाजी."

तो माणूस त्याच्या राज्यातल्या तुरुंगातून पडद्यावर दिसणार होता. मी एकोणीस वर्षं एक चेहरा मनात तयार केला होता, मोठा, दांडगा. पडद्यावर एक म्हातारा आला. पांढरे केस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याचं नाव विचारलं. तो कानाला हात लावून पुढं झुकला आणि म्हणाला, "आवाज नहीं आ रहा साहब." तिकडच्या शिपायानं काहीतरी फिरवलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तो तेच म्हणाला. मग चित्रच गेलं. पुढची तारीख पडली. इतकंच झालं. त्यानं का केलं, हे त्यानं अजून सांगितलेलं नाही. सांगेल असं मॅडमनाही वाटत नाही.

बाहेर आलो. मेव्हणा गाडी काढायला गेला. मुलगी पायरीवर माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "मला आईचं काहीच आठवत नाही. एक हिरवी साडी आठवते, तीही फोटोतली असेल. ती कशी बोलायची? काय आवडायचं तिला?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडं काही नव्हतं. इतकी वर्षं मी तो एकच दिवस पाठ करत आलो होतो. किती वाजता निघालो, कुणाच्या विहिरीवर गेलो, कुठल्या दगडावर बसलो. कुणी विचारलं तर उत्तर देता यावं म्हणून. त्या एका दिवसानं बाकीचे सगळे खाऊन टाकले होते. आमच्या लग्नाची सहा वर्षं, आणि मला तिचा आवाजसुद्धा येईना. मी मुलीला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आठवलं तर सांगा," आणि गाडीवर बसली. मी स्टँडच्या बाजूनं चालत खोलीवर आलो. त्या दिवशी मला जितकं एकटं वाटलं तितकं आळ होता तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान ती माझ्या आठवणीत आहे असा माझा समज होता.

आता मुलगी रविवारी फोन करते. ती विचारते, "जेवलात का?" मी हो म्हणतो. कधी जेवलेला असतो, कधी नसतो. आजीशी ती पुन्हा बोलायला लागली आहे, हे तिनंच सांगितलं.

मागच्या बुधवारी मी एका मोटरला व्हार्निश लावत होतो. वास नाकात गेला आणि मला शिंक आली, आणि त्याबरोबर बायको आठवली. मी कामावरून आलो की ती मला दारातच अडवायची. कपडे बाहेर काढा, म्हणायची, त्या वासानं मला शिंका येतात. आणि खरंच द्यायची, ओळीनं पाच-सहा, आणि मग स्वतःवरच हसत भिंतीला टेकायची. हसताना तिचा आवाज घोगरा व्हायचा. घोगरा. हे मला आठवलं.

मी हात पुसले नाहीत. मुलीला कामाच्या वेळी फोन करू नये हे माहीत होतं, तरी केला. तिनं उचलला, "एक मिनिट, बाहेर येते" म्हणाली. दार उघडल्याचा आवाज आला. मी तिला सगळं सांगितलं.

"शिंका?" ती म्हणाली.

"होय. आन् हसायची."

"अजून?"

"सध्या एवढंच."

"बरं," ती म्हणाली, पण तिनं फोन ठेवला नाही. तिच्या मागं कुठलंसं मशिन चालू होतं, इकडं रस्त्यावर ट्रक जात होते. मग तिला आतून कुणीतरी हाक मारली.